पापणीवरची चमक येते कुठून?

सकाळी घरातल्या ट्यूबलाइटखाली आयशॅडो लावली तर ती अगदी बेताची वाटते, पापणीवर नुसती ओलसर झाक. रिक्षातून उतरून उन्हात आलं की तीच पापणी लखलखते आणि शेजारची मैत्रीण विचारते, "आज काही विशेष आहे का गं?" दुपारनंतर आभाळ भरून आलं की पुन्हा सगळं शांत. कुंकवाचं असं होत नाही. ते घरात लाल, उन्हात लाल, मान कुठेही वळवली तरी लालच.

नेलपॉलिशचंही असंच एक कोडं आहे. दुकानात दोन बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि दोन्हींवर 'गोल्ड' लिहिलेलं असतं. एक लावली की नखं दुधाळ, मोतिया सोनेरी दिसतात. दुसरी लावली की नखांत खिडकीचं प्रतिबिंब दिसावं इतकी लकाकी येते. खरं सोनं दोन्हींत नसतं. मग हा फरक कशाचा?

उत्तर रंगापेक्षा कणांच्या आकारात आणि मांडणीत आहे. ते समजलं की रोजच्या वापरासाठी कोणती छटा घ्यावी, ती कशी लावावी आणि महागडी डबी खरंच हवी का, हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

रंग देणारे कण आणि चमक देणारे कण

मॅट आयशॅडो, फाउंडेशन किंवा साधी लाल लिपस्टिक यांतले रंगकण अतिशय बारीक आणि ओबडधोबड असतात. त्यांच्यावर पांढरा उजेड पडला की ते त्यातला काही भाग शोषून घेतात आणि उरलेला सगळ्या दिशांना विखुरतात. त्यामुळे कुठूनही पाहिलं तरी रंग सारखाच दिसतो. लाल, पिवळा आणि काळा लोह ऑक्साइड हे या कुळातले सगळ्यांत कामसू कण. त्वचेच्या रंगाची बहुतेक प्रसाधनं त्यांच्याच मिश्रणातून बनतात.

शिमरमधले कण वेगळे असतात. ते चपटे आणि गुळगुळीत असतात, आणि गुळगुळीत पृष्ठभाग उजेड विखुरत नाही, एका ठरावीक दिशेला परतवतो. पत्त्यांचा कॅट फरशीवर सपाट पसरला तर वरच्या दिव्याचा उजेड सगळ्या पत्त्यांवरून एकाच बाजूला उसळतो. तेच पत्ते उभे-आडवे कसेही पडले तर प्रत्येकाचा उजेड वेगळीकडे जातो आणि एकसंध चमक दिसत नाही. शिमर लावणं म्हणजे असे लाखो सूक्ष्म पत्ते त्वचेवर आडवे निजवणं.

पापणी गोलाकार असते. त्यामुळे डोळ्यासमोर योग्य कोन साधणारा तेवढाच भाग उजळतो आणि बाकीचा सावलीत राहतो. पापणी मिटली-उघडली की ही उजळ जागा सरकते. शिमर लावल्यावर डोळे भरीव आणि जिवंत दिसतात ते यामुळेच.

सकाळचं कोडंही इथेच सुटतं. ट्यूबलाइट लांबट असते आणि ढगाळ आभाळातून तर उजेड चहूबाजूंनी येतो. अशा पसरट उजेडात जवळजवळ प्रत्येक कण थोडा थोडा उजळतो, म्हणून मंद झाक दिसते. ऊन मात्र एकाच दिशेने येतं. मग जो कण नेमक्या कोनात असेल तो झगमगतो आणि शेजारचा काळोखात राहतो. हा कणाकणांतला फरकच डोळ्यांना चमचम म्हणून जाणवतो.

मोती, मासे आणि पॅरिसचा मणीकार

या चमकेचा मूळ नमुना म्हणजे मोती. नथीतल्या बसरा मोत्याला वेगळा रंग दिलेला नसतो. शिंपल्यातला जीव कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ पापुद्रे एकावर एक रचत जातो. एकेक पापुद्रा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतका. उजेड वरच्या पापुद्र्यावरून थोडा परततो, थोडा आत शिरून खालच्यावरून परततो, त्याच्या खालून आणखी थोडा. असा खोलवरून उजेड येतो म्हणून मोती आतून उजळल्यासारखा दिसतो.

हे तेज बाटलीत भरण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न सतराव्या शतकात पॅरिसमध्ये झाला. जपमाळा बनवणाऱ्या फ्रान्स्वा जाकँ या कारागिराने नदीतल्या एका चंदेरी छोट्या माशाच्या खवल्यांपासून चकचकीत लेप तयार केला आणि काचेच्या पोकळ मण्यांत तो आतून भरला. नकली मोत्यांचा धंदा त्यावर उभा राहिला. ताजी वाकटी साफ करताना बोटांना जी रुपेरी झाक लागते ती याच जातीची. माशाच्या अंगावर ग्वानीन नावाच्या पदार्थाचे चपटे स्फटिक असतात आणि ते उजेड परतवतात. आपल्या डीएनएतल्या चार मूलघटकांपैकी एक म्हणजे हेच ग्वानीन. पुढे नेलपॉलिश आणि लिपस्टिकमध्येही ते वापरलं गेलं. पण थोड्याशा लेपासाठी हजारो मासे लागत, म्हणून ते कायमच महाग राहिलं.

स्वस्त पर्याय म्हणून बिस्मथ ऑक्सिक्लोराइडचे स्फटिक आले. ते आजही वापरात आहेत. पण खरी क्रांती झाली ती १९६०च्या दशकात, अभ्रकावर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप चढवण्याची रीत सापडली तेव्हा. आज आपल्या पर्समधल्या बहुतेक शिमरच्या मुळाशी हीच रीत आहे.

पाच बरण्या, पाचही पांढऱ्या

अभ्रक हे पापुद्रे-पापुद्रे सुटणारं खनिज. ते दळून, चाळून त्याचे कपटे करतात. एकेका कपट्याची जाडी मायक्रॉनच्या काही अंशांइतकी असते आणि रुंदी त्याच्या कितीतरी पट. नुसतं अभ्रक थोडंसंच चमकतं. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ, एकसारखा थर चढवला की जादू वाटावी असा बदल होतो. टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः पांढरं आहे. तरी त्याच्या थराची जाडी बदलली की वेगवेगळे रंग दिसू लागतात.

हे कसं घडतं? उजेड म्हणजे लाटा. निळ्या उजेडाची लाट आखूड, लाल उजेडाची लांब. थरावर उजेड पडला की काही लाटा वरच्या पृष्ठभागावरून परततात आणि काही थर ओलांडून खालच्या पृष्ठभागावरून. खालून आलेल्यांना जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही पुन्हा एकत्र येतात तेव्हा ज्या रंगाच्या लाटांचे माथे माथ्यांशी जुळतात तो रंग उजळतो. ज्यांचा माथा दुसरीच्या खळग्यात पडतो तो रंग पुसला जातो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात आणि साबणाच्या फुग्यात दिसणारे रंग याच कारणाने दिसतात. मोरपिसाच्या निळ्या-हिरव्या रंगामागेही सूक्ष्म रचनेचाच असा खेळ असतो.

थर साधारण ४० ते ६० नॅनोमीटरचा असेल तर रुपेरी चमक मिळते. ६० ते ८० नॅनोमीटरला सोनेरी, ८० ते १०० ला लालसर, त्याहून जाड झाला की निळसर आणि पुढे हिरवट. आपला केस सुमारे ७०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून या कामातली बारकाई ध्यानात यावी. वीसेक नॅनोमीटरच्या फरकाने चांदीचं सोनं होतं! कारखान्यातल्या बरण्यांत मात्र ही पाचही चूर्णं जवळजवळ पांढरीच दिसतात. रंग उमटतो तो कण सपाट निजल्यावर आणि योग्य कोनातून पाहिल्यावर.

टायटॅनियमऐवजी लोह ऑक्साइडचा थर दिला तर दोन्ही करामती एकत्र येतात. लोह ऑक्साइड रंग शोषतं आणि थराच्या जाडीमुळे चमकही देतं. ब्राँझ, तांबूस, वाइन अशा दाट, उबदार धातुछटा अशा तयार होतात.

सावळ्या त्वचेचा फायदा

एक सोपा प्रयोग करून पाहावा. ज्या आयशॅडोत वळवताना रंग बदलतो, तिचं एक बोट पांढऱ्या कागदावर ओढायचं आणि एक काळ्या पुठ्ठ्यावर. कागदावर जेमतेम मोतिया झाक दिसते. पुठ्ठ्यावर तोच रंग ठसठशीत उमटतो.

कारण असं, की सोनेरी उजेड परतवणारा कण उरलेला निळसर उजेड आरपार जाऊ देतो. खाली पांढरा कागद असेल तर तो निळा उजेडही परत येतो, सोनेरीत मिसळतो आणि दोन्ही मिळून फिकट पांढरं होतं. खाली गडद पृष्ठभाग असेल तर निळा उजेड तिथेच शोषला जातो आणि सोनेरी निखळ उरतं.

म्हणजे असे रंग गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त खुलतात. 'आपल्या रंगाला शिमर शोभत नाही' असं अनेक मुलींना लहानपणापासून ऐकावं लागतं. उजेडाचा नियम नेमका उलटं सांगतो. सावळी त्वचा ही या कणांची सगळ्यांत चांगली पार्श्वभूमी आहे, आणि हे प्रत्येक मुलीला कळायला हवं.

मग काही हायलायटर सावळ्या गालावर राख फासल्यासारखे का दिसतात? दोष त्वचेचा नाही, मिश्रणाचा आहे. कण फार बारीक असतील तर त्यांच्या कडांवरून पांढरा उजेड विखुरतो. त्यात पांढरं भरणद्रव्य जास्त असेल तर राखाडीपणा आणखी वाढतो. अशा वेळी रुपेरी-पांढऱ्या मोतिया छटेऐवजी लोह ऑक्साइडची सोनेरी, तांबूस किंवा ब्राँझ छटा घ्यावी.

कणाचा आकार ठरवतो प्रसंग

सुमारे १५ मायक्रॉनहून लहान कण सुटे ओळखू येत नाहीत. त्यांची एकसंध, रेशमी झाक दिसते. यालाच सॅटिन म्हणतात. १० ते ६० मायक्रॉनचे कण मोतिया चमक देतात. त्याहून मोठे कण सुटे सुटे चमचमतात. ऑफिस, कॉलेज, बाजारहाट यासाठी सॅटिन आणि बारीक शिमर उत्तम, कारण भर उन्हातही ते बेतात राहतात. मोठ्या कणांची जागा लग्नातल्या दिव्यांखाली.

लावण्याच्या पद्धतीनेही मोठा फरक पडतो. ब्रशने झाडल्यासारखं लावलं तर कण वेडेवाकडे पडतात. बोटाने दाबून, थापटून लावलं तर ते सपाट निजतात आणि तीच आयशॅडो दुप्पट उजळ दिसते. ओलसर ब्रशनेही असंच होतं. पाणी उडून जाताना कण त्वचेलगत बसत जातात. कोरड्या, खरखरीत त्वचेवर मात्र प्रत्येक उंचवट्यावर कणांचा कोन बदलतो, म्हणून शिमर सुरकुत्या आणि रंध्रं उठून दाखवतं. आधी मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यावं. चमक गालाच्या वरच्या हाडावर आणि पापणीच्या मध्यभागी ठेवावी. रंध्रं मोठी असतात त्या नाकाशेजारच्या भागात टाळावी.

नखांवरचा धातू

आता त्या दोन सोनेरी बाटल्या. दुधाळ, मोतिया बाटलीत लेप चढवलेलं अभ्रक असतं. ते अर्धपारदर्शक असतं, म्हणून चमक खोलवरून येते. प्रतिबिंब दाखवणाऱ्या बाटलीत ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. धातूतून उजेड आरपार जात नाही, जवळजवळ सगळा वरूनच परततो. सोनेरी किंवा गुलाबी छटा येते ती सोबत मिसळलेल्या रंगद्रव्यांमुळे.

ॲल्युमिनियमच्या कणांतही दर्जा असतो. साधे कण दळून बनवतात. त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि चमक थोडी राखाडी येते. आरशासारख्या नेलपॉलिशसाठी निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ करून प्लॅस्टिकच्या फिल्मवर तिचा थर बसवतात, मग तो सोडवून त्याचे तुकडे करतात. हे तुकडे काही दशक नॅनोमीटर जाडीचे आणि अत्यंत गुळगुळीत असतात.

नेलपॉलिशचं बाकीचं अंग म्हणजे एथिल आणि ब्यूटिल ॲसिटेटमध्ये विरघळलेलं नायट्रोसेल्युलोज. बाटली उघडल्यावर जो उग्र वास येतो तो या द्रावकांचा. नखावर लावल्यावर द्रावक उडून जातं आणि ओला थर उभ्या दिशेने आक्रसतो. त्या आक्रसण्याने कण खाली दाबले जातात, सपाट होतात. म्हणून मेटॅलिक नेलपॉलिश सुकताना चमक चढत जाते. थर जाड लावला तर वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतले कण तिरके अडकतात आणि लकाकी मंदावते. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे.

मेटॅलिक छटेत ब्रशच्या रेघा दिसतात, ही सगळ्यांची तक्रार. ब्रश जिकडे जातो तिकडे कण ओढले जातात आणि त्या रेषांवर उजेड वेगळ्या कोनात परततो. क्रीम छटेतले कण सगळीकडे सारखा उजेड विखुरतात, म्हणून तिथे रेघ लपते. उपाय सोपे आहेत. आधी खाचा भरणारा बेस कोट लावावा, कारण नखावरची प्रत्येक उभी रेघ धातुछटेत उठून दिसते. मग मधून एक, दोन्ही बाजूंनी एकेक अशा तीन लांब फटकाऱ्यांत नख पूर्ण करावं. सुकू लागलेल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवू नये. आरशासारख्या छटेवर घाईने टॉप कोट लावला तर त्यातलं द्रावक खालचा थर सैल करतं, कण हलतात आणि आरसा धूसर होतो. आधीचा हात पूर्ण सुकू द्यावा.

बाटलीत खाली बसलेला गाळ म्हणजे माल खराब नव्हे. कण जड असतात, ते बसणारच. त्यांना तोलून धरायला द्रवात खास प्रक्रिया केलेली माती असते. स्थिर असताना ती घट्ट राहते आणि हलवली की पातळ होते. बाटली दोन तळव्यांत धरून गोल फिरवावी. जोरात हलवली तर हवेचे बुडबुडे शिरतात.

रोजच्यासाठी माझ्या आवडीच्या छटा

डोळ्यांसाठी शॅम्पेन, तांबूस गुलाबी आणि ब्राँझ. या तिन्ही छटा त्वचेच्याच रंगकुळातल्या आहेत, त्यामुळे चमक दिसते आणि रंग ओरडत नाही. शॅम्पेन गव्हाळ रंगाला, ब्राँझ सावळ्या रंगाला सुरेख दिसतं. तांबूस गुलाबी जवळजवळ सगळ्यांना. नखांसाठी रोज गोल्ड, जुन्या सोन्याची मंद छटा आणि गनमेटल. रोज गोल्डचं टोक झिजलं तरी चटकन कळत नाही, कारण खालच्या नखाचा रंग त्याला जवळचा असतो. घरकामात हात बुडालेले असतात त्यांच्यासाठी हा मोठा गुण आहे. गनमेटल सुती साडी आणि जीन्स, दोन्हींवर शोभतं.

खरेदी करताना छटा मनगटावर लावून दुकानाच्या दाराशी यावं आणि हात वळवून पाहावं. काउंटरवरचे तीव्र दिवे शिमरला त्याच्या लायकीपेक्षा जास्त खुलवतात.

चौकट: लेबलवर काय वाचाल?

• सीआय ७७०१९: अभ्रक
• सीआय ७७८९१: टायटॅनियम डायऑक्साइड, मोतिया चमक
• सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९: लाल, पिवळा, काळा लोह ऑक्साइड
• सीआय ७७०००: ॲल्युमिनियम, धातूची चमक
• सीआय ७७१६३: बिस्मथ ऑक्सिक्लोराइड
• सीआय ७५१७०: ग्वानीन. शाकाहारी वाचकांनी मुद्दाम पाहावं
• सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट: भट्टीत बनवलेलं अभ्रक
• पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट: प्लॅस्टिकचा ग्लिटर

अभ्रक, टायटॅनियम आणि लोह ऑक्साइड एवढे तीन घटक स्वस्त डबीतही असतात आणि महाग डबीतही. कणांची चाळणी, थराचा एकसारखेपणा आणि घट्ट धरून ठेवणारं मिश्रण यांत किमतीचा फरक असू शकतो. तो बोटावर लावून तपासावा, नावावरून नाही.

चमकेची खरी किंमत

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा विषय संपवता येत नाही. पहिली डोळ्यांची. हस्तकलेचा ग्लिटर डोळ्यांजवळ कधीही वापरू नये. तो प्लॅस्टिकचा कापलेला, धारदार कडांचा असतो आणि बुबुळाला ओरखडा पाडू शकतो. शिवाय हे प्लॅस्टिक धुतल्यावर नाल्यातून नदीत जातं. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आणली ती यासाठीच.

दुसरी गोष्ट अभ्रकाची. झारखंडमधले कोडरमा आणि गिरिडीह, त्यांना लागून बिहारमधला नवादा, हा भाग अभ्रकासाठी जगभर ओळखला जातो. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या अनेक खाणी बंद पडल्या. पण गरिबी हटली नाही. लोक जुन्या ढिगाऱ्यांतून आणि धोकादायक बिळांतून अभ्रकाचा चुरा वेचत राहिले. तिथे त्याला ढिबरा म्हणतात. या कामात लहान मुलंही राबतात, दरड कोसळून जीवही जातात. २०१७ मध्ये अभ्रक वापरणाऱ्या कंपन्या आणि सामाजिक संस्था एकत्र येऊन 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' सुरू झाला. बालमजुरी थांबावी आणि वेचणाऱ्यांना योग्य दाम मिळावा, हा त्याचा हेतू.

भट्टीत बनवलेलं अभ्रक हा एक पर्याय आहे. ते शुद्ध, जास्त पांढरं आणि गुळगुळीत असतं. पण सगळ्यांनीच खाणीच्या अभ्रकाकडे पाठ फिरवली तर ढिबरा वेचून जगणाऱ्या कुटुंबांची चूल कशी पेटणार, हाही प्रश्न आहे. त्यामुळे मला दुसरा मार्ग जास्त पटतो. आपण वापरतो त्या कंपनीच्या संकेतस्थळावर अभ्रक कुठून येतं हे लिहिलंय का ते पाहावं. नसेल तर ग्राहक सेवेला सरळ विचारावं. एका ग्राहकाच्या प्रश्नाला कदाचित ठोकळेबाज उत्तर मिळेल. हजारो बायकांनी तोच प्रश्न विचारला तर कंपन्यांना आपला माल कोणाच्या हातून येतो हे शोधावंच लागेल, आणि कोडरम्यातलं पोर शाळेत जाण्याची शक्यता तेवढी वाढेल.